सुपर टॉप-अप घेण्याआधी मूळ पॉलिसीचा कागद उघडून बसा

मूळच्या साताऱ्याच्या, पण पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील ६८ वर्षांचे असून बँकेतून निवृत्त झाले आहेत, आई ६४ वर्षांची आहे, आणि बँकेच्या निवृत्तांसाठीच्या गट योजनेतून दोघांना मिळून ४ लाख रुपयांचा आरोग्य विमा आहे. त्या योजनेचे वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असे चालते. वडिलांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे व २०२१ मध्ये त्यांना एक स्टेंट बसवला आहे. आईला रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि गुडघ्यांचा त्रास आहे. ओळखीच्या एजंटाने १५ लाखांचा ‘टॉप-अप’ सुचवला असून त्याचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानाने फारच कमी आहे. तो घ्यावा, की गट योजना सोडून एकच मोठी पॉलिसी घ्यावी, असे त्यांना विचारायचे आहे. मुदत ठेवी असताना आणखी एक हप्ता कशाला, असे वडिलांचे मत असल्याचेही त्यांनी लिहिले आहे.

मी पुण्यात आरोग्य विम्याचे काम बावीस वर्षे करत आहे. त्यातली सुरुवातीची सहा वर्षे दावे तपासण्यात गेली आणि नंतरची सोळा विमाधारकांच्या बाजूने कागद लढवण्यात. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की आपला प्रश्न ‘टॉप-अप घ्यावा की नाही’ हा नाही. या वयात आणि आजच्या रुग्णालयांच्या बिलांत ४ लाख पुरणार नाहीत, तेव्हा काहीतरी जोड द्यावीच लागेल. खरा प्रश्न असा आहे की ती जोड आपल्या मूळ पॉलिसीला नीट बसते की मध्ये फट राहते. निवृत्त माणसाचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा या फटीत. दोन्ही पॉलिस्या आपापल्या जागी चांगल्या असतात, दोन्ही कंपन्या नियमाने वागतात, आणि तरीही लाख-दीड लाख रुपये घरातून जातात, अशी प्रकरणे मी दरवर्षी पाहतो.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण बोलताना एजंटही दोन्हींना टॉप-अपच म्हणतात. दोन्हींत एक डिडक्टिबल असते, म्हणजे अमुक रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही सोसायचा आणि त्यापुढचा कंपनी देणार. फरक असा की साध्या टॉप-अपमध्ये ही अट प्रत्येक वेळच्या भरतीला स्वतंत्रपणे लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षभरातील सर्व भरत्यांचा खर्च एकत्र मोजला जातो. समजा आपल्याकडे ४ लाख डिडक्टिबलचा साधा टॉप-अप आहे आणि वर्षात दोनदा साडेतीन-साडेतीन लाखांचे बिल झाले. मूळ पॉलिसी पहिल्या वेळी साडेतीन लाख आणि दुसऱ्या वेळी उरलेले ५० हजार देऊन संपते. राहिले ३ लाख. दोन्ही बिले ४ लाखांच्या आत असल्यामुळे साधा टॉप-अप एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप असता तर एकूण ७ लाखांतून ४ लाख वजा करून हे ३ लाख त्याने दिले असते. तरुण माणसाला वर्षात दोनदा रुग्णालयात जाण्याची वेळ क्वचित येते, परंतु मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला ती येते. म्हणून निवृत्तांसाठी मी साधा टॉप-अप सुचवत नाही. एजंटाने दाखवलेल्या कागदावर ‘अ‍ॅग्रिगेट डिडक्टिबल’ हे शब्द आहेत का, एवढे आज संध्याकाळीच पाहा. नसतील तर हप्ता कितीही कमी असला तरी तो विषय तेथेच संपवा.

आता दुसरी फट, जी फारच थोड्या लोकांच्या लक्षात येते, आणि आपल्या बाबतीत ती नक्की पडणार आहे. सुपर टॉप-अप वर्षभराचा खर्च मोजतो, पण ते वर्ष कोणाचे? ते त्याच्या स्वतःच्या पॉलिसीचे वर्ष असते, मूळ पॉलिसीचे नव्हे. आपली गट योजना १ नोव्हेंबरला सुरू होते. आपण सुपर टॉप-अप १ मार्चला घेतला आणि पुढे तो दरवर्षी मार्चमध्ये नूतनीकरण करत राहिलात असे समजू. एखाद्या वर्षी फेब्रुवारीत वडिलांचे ३ लाखांचे बिल झाले आणि एप्रिलमध्ये पुन्हा ३ लाखांचे. मूळ पॉलिसीसाठी दोन्ही बिले एकाच वर्षातली आहेत, त्यामुळे ती पहिल्यांदा ३ लाख आणि नंतर १ लाख देऊन रिकामी होते. सुपर टॉप-अपच्या हिशेबात मात्र फेब्रुवारीचे बिल मागच्या वर्षात गेले आणि नव्या वर्षाची मोजणी एप्रिलच्या ३ लाखांपासून सुरू झाली. ते ४ लाखांच्या आत आहेत, म्हणून त्याचे देणे शून्य. आपल्या खिशातून २ लाख गेले. दोन्ही पॉलिस्यांच्या तारखा जुळत असत्या तर हेच २ लाख सुपर टॉप-अपने दिले असते. येथे कोणी कोणाला फसवलेले नाही, फक्त तारखा जुळलेल्या नाहीत. आणि तारीख हा असा तपशील आहे की तो पॉलिसी घेतानाच सांभाळता येतो, नंतर दुरुस्त करणे अवघड जाते.

तिसरी बाब माणसांची. आपली मूळ पॉलिसी फ्लोटर आहे, म्हणजे ४ लाख दोघांत मिळून आहेत. एजंट बहुधा म्हणेल की आईचे वय कमी आहे व आजार कमी आहेत, तेव्हा दोघांचे सुपर टॉप-अप वेगवेगळे घ्या, कारण आईचा हप्ता स्वस्त पडेल. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण डिसेंबरात वडिलांच्या आजारपणात ४ लाख संपले आणि मे महिन्यात आई घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, ३ लाखांचे बिल झाले, तर काय होईल याचा विचार करा. मूळ पॉलिसीत काही उरलेले नाही. आईच्या स्वतंत्र सुपर टॉप-अपमध्ये तिचा स्वतःचा खर्च ४ लाखांवर गेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणजे दोन पॉलिस्या असूनही त्या माउलीला काहीच संरक्षण नाही. सुपर टॉप-अप फ्लोटर असता तर दोघांचा एकत्र खर्च ७ लाख धरून ४ लाखांवरचे ३ लाख मिळाले असते. मूळ पॉलिसी फ्लोटर असेल तर वरची पॉलिसीही फ्लोटर असावी आणि मूळ पॉलिस्या दोघांच्या स्वतंत्र असतील तर वरचीही स्वतंत्र चालते, हा माझा जवळजवळ पक्का नियम आहे. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की एकाचा आजार फार गंभीर असल्यास कंपनी फ्लोटर नाकारते आणि मग निदान दुसऱ्याला तरी स्वतंत्र पॉलिसी मिळवून द्यावी लागते. आपल्या वडिलांच्या स्टेंटमुळे ही वेळ येऊ शकते.

डिडक्टिबल किती ठेवावे, हा यानंतरचा प्रश्न. सर्वसाधारण सल्ला असतो की मूळ पॉलिसी जेवढी, तेवढेच डिडक्टिबल. मी मात्र ते थोडे कमी ठेवायला सांगतो. का, ते एका प्रकरणावरून सांगतो.

मागील वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापिका मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. कापडी पिशवीत बिलांची फाईल, आणि प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घातलेला अनुक्रमांक. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग होऊन त्यांचा मुक्काम लांबला होता. त्यांची मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि सुपर टॉप-अपचे डिडक्टिबलही बरोबर ५ लाखांचे. बिल, सोयीसाठी पूर्णांकात सांगतो, ५ लाख ९० हजारांचे. त्यातले ३० हजार हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा बाबींचे होते, जे दोन्ही कंपन्यांच्या नियमांत बसत नव्हते. राहिले ५ लाख ६० हजार. आता मूळ पॉलिसीत खोलीच्या भाड्यावर विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजारांची मर्यादा होती. भरतीच्या रात्री दोघांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून त्यांना ८ हजारांच्या खोलीत ठेवले होते. अशा वेळी केवळ भाड्यातला फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लागत नाही. त्यांच्या बिलात खोली व तिच्याशी जोडलेले खर्च ३ लाख २० हजार होते, ते पाच-अष्टमांश होऊन २ लाख झाले. बाकीचे २ लाख ४० हजार पूर्ण मंजूर झाले. मूळ कंपनीने ४ लाख ४० हजार दिले.

सुपर टॉप-अपमध्ये खोलीची मर्यादा नव्हती, म्हणून त्या कंपनीने ५ लाख ६० हजार खर्च मान्य धरला, त्यातून ५ लाख वजा केले आणि ६० हजार दिले. मूळ पॉलिसी ४ लाख ४० हजारांवर थांबली होती आणि वरची ५ लाखांपासून सुरू होत होती. मधले ६० हजार कोणाचेच नव्हते. ते आणि आधीचे ३० हजार मिळून ९० हजार बाईंनी भरले. त्यांचे डिडक्टिबल ५ ऐवजी ४ लाख असते तर वरच्या पॉलिसीतून उरलेले १ लाख २० हजार पूर्ण मिळाले असते आणि त्यांना फक्त ३० हजार सोसावे लागले असते. हप्त्यातील फरक मी त्यांना नंतर काढून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसल्या. ‘हे मला कोणी विचारलंच नाही हो,’ एवढेच म्हणाल्या. त्या वाक्याची मला आजही टोचणी आहे, कारण आमच्या व्यवसायात हे विचारणे आमचे काम आहे.

हीच गोष्ट को-पेमेंटला लागू होते. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिस्यांत प्रत्येक दाव्याचा दहा, वीस, कधी तीस टक्के भाग विमाधारकाने भरायचा असतो. काही पॉलिस्यांत हप्ता शहराच्या वर्गानुसार ठरतो, आणि लहान शहराचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतल्यास वेगळे को-पेमेंट लागते. आई-वडील साताऱ्यात आहेत, पण बायपास किंवा सांधा बदलण्याची वेळ आली तर पुण्यालाच येतील. पत्ता साताऱ्याचा देऊन हप्ता वाचवण्याआधी हे कलम शोधा. आपल्यासाठी माझे मत असे की ३ लाखांचे डिडक्टिबल मिळत असेल तर तेच घ्यावे. काही कंपन्यांकडे ४ लाखांचा पर्यायच नसतो आणि ३ नंतर थेट ५ असतो. तेव्हा हप्ता वाचवायला ५ निवडू नका, कारण मग दर मोठ्या आजारपणात १ लाखाची फट आपण स्वतः विकत घेतलेली असेल.

येथवर मी खासगी सुपर टॉप-अपबद्दल बोललो. आपल्या बाबतीत मात्र त्याआधी एक दार ठोठावायचे आहे. बँक निवृत्तांच्या गट योजनेत मूळ विम्यासोबत सुपर टॉप-अपचा पर्याय दिला जातो. वडिलांनी तो घेतला आहे का, नसेल तर येत्या नूतनीकरणात घेता येईल का, हे त्यांच्या बँकेच्या पेन्शन विभागाला किंवा निवृत्तांच्या संघटनेला विचारा. त्याचे फायदे मोठे आहेत: तारखा आपोआप जुळतात, मूळ पॉलिसीत जी माणसे तीच वरच्या पॉलिसीत असतात, आणि गट योजनांमध्ये जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली, तरी तीन वर्षे हा ६८ व्या वर्षी लहान काळ नाही. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, सांधेरोपण अशा ठरावीक बाबींसाठी वेगळी प्रतीक्षा असते. मूळ पॉलिसीत ही मुदत कधीच संपली असली तरी नव्या सुपर टॉप-अपची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून होते, हेही लक्षात घ्या. म्हणजे आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी करायची असेल तर आज घेतलेला खासगी सुपर टॉप-अप बहुधा तिच्या कामी येणार नाही.

गट योजनेची दुसरी बाजू अशी की तिच्या अटी आणि हप्ता दरवर्षी नव्याने ठरतात आणि त्यावर वडिलांचे काही नियंत्रण नसते. तरीही ती सोडून एकच मोठी खासगी पॉलिसी घेण्याच्या मी स्पष्टपणे विरोधात आहे. ६५ वर्षांनंतर अनेक कंपन्यांकडे नवी आरोग्य पॉलिसी मिळत नाही ही पूर्वीची अडचण २०२४ च्या नियमांनी दूर केली, परंतु जोखीम पाहून प्रस्ताव नाकारण्याचा किंवा हप्ता वाढवण्याचा कंपनीचा अधिकार कायम आहे. मधुमेह आणि स्टेंट असताना नवा प्रस्ताव मंजूर होईल याची खात्री नाही, आणि गट योजनेतून एकदा बाहेर पडल्यावर परत प्रवेश मिळेलच असे नाही. हातातली पॉलिसी सोडून दारात उभे राहण्याची ही वेळ नव्हे. गट योजनेत सुपर टॉप-अप मिळालाच नाही, तर खासगी कंपनीचा घ्या, आणि तो शक्यतो १ नोव्हेंबरपासून सुरू होईल असा बेत आखा. नोव्हेंबर दोन-तीन महिन्यांवर असेल तर थांबणे योग्य. आठ-दहा महिने दूर असेल तर मी थांबायला सांगणार नाही, कारण तेवढा काळ उघड्यावर राहावे लागते आणि प्रतीक्षा कालावधीही तितकाच पुढे जातो. तेव्हा डिडक्टिबल कमी ठेवून तारखेची फट थोडी अरुंद करणे एवढेच हाती उरते.

प्रस्तावाचा फॉर्म मात्र वडिलांनी स्वतः वाचून भरावा, एजंटाला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये. मधुमेहाचे वर्ष, स्टेंटची तारीख, सुरू असलेल्या सर्व गोळ्या, आईचा रक्तदाब, गुडघ्याचे एक्स-रे, सगळे लिहावे. ‘हे लिहिलं तर नाकारतील’ असे कोणी म्हणाले तर आज नाकारलेले परवडते, रुग्णालयाच्या काउंटरवर नाकारलेले परवडत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येत नाही, ही मर्यादा पूर्वी आठ वर्षांची होती. पण पहिल्या पाच वर्षांत तिचा आधार नाही, आणि आपल्या वडिलांना गरज पडायची ती नेमकी त्याच वर्षांत पडण्याची शक्यता आहे. पॉलिसीचा कागद हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. ते ३० दिवस वाचनासाठी वापरावेत.

दाव्याच्या वेळी काय करायचे ते आधीच ठरवून ठेवावे लागते, कारण दोन कंपन्या असल्या की कागद दोन दिशांना जातात. भरती होताच दोन्ही कंपन्यांना कळवा, बिल डिडक्टिबलच्या आत राहील असे वाटले तरीही. पहिल्या लहान भरतीची नोंद वरच्या कंपनीकडे नसेल तर वर्षाच्या शेवटी तो खर्च मोजणीत धरून घेण्यासाठी वाद घालावा लागतो. मूळ पॉलिसीवर कॅशलेस करा, म्हणजे कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते. नियमानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. एकाहून अधिक पॉलिस्या असतील तर आपण निवडलेल्या मुख्य कंपनीने उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधावा, असेही आता नियम सांगतो. प्रत्यक्षात अजूनही अनेकदा वरची रक्कम आधी भरून नंतर परत मागावी लागते. त्यासाठी मूळ कंपनीचे सेटलमेंट लेटर, रुग्णालयाने शिक्का मारून दिलेल्या बिलांच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल लागतात. मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात, म्हणून शिक्क्याच्या प्रती डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या; महिन्याभराने त्या मिळवणे जिकिरीचे असते.

वडिलांच्या मुदत ठेवींचा मुद्दा मी हलका समजत नाही. डिडक्टिबल म्हणजे काय, तर ‘एवढे आम्ही पाहतो’ असे कंपनीला सांगणे, आणि त्यामागे ठेवी असल्या तर ते बळानेच सांगता येते. सुपर टॉप-अप घेण्यासाठी मूळ पॉलिसी असणे सक्तीचे नसते. डिडक्टिबलएवढा खर्च खिशातून केला तरी पुढचे पैसे मिळतात. म्हणून वडिलांना मी असे सांगेन की ठेवींचा उपयोग पहिल्या लाख-दोन लाखांसाठी, फटींसाठी, आणि दरमहाच्या औषधांसाठी ठेवा, कारण बाह्यरुग्ण खर्च सुपर टॉप-अप देत नाही. पण १२ लाखांचे बिल ठेवी मोडून भरायचे ठरवले तर त्याच ठेवींच्या व्याजावर चालणारे आईचे पुढचे आयुष्य त्यात जाते. हा हिशेब वडिलांपुढे कागदावर मांडा. आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

सरकारी योजनांविषयी थोडेसे. वडील दोन वर्षांनी ७० चे होतील, तेव्हा आयुष्मान भारत योजनेतील ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात, आणि खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही आता ५ लाखांपर्यंत आहे. दोन्ही उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर मूळ पॉलिसी सोडून केवळ सुपर टॉप-अप ठेवावा, असे काहीजण सुचवतात ते मला पटत नाही. या योजना ठरलेल्या पॅकेजच्या दराने थेट रुग्णालयाला पैसे देतात. त्या खर्चाची सांगड खासगी पॉलिसीच्या डिडक्टिबलशी घालणे व्यवहारात फार कठीण जाते.

कर आणि हप्त्याबाबत इतकेच की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक फ्लोटर आरोग्य पॉलिस्यांवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला जानेवारी २०२५ पासून आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तर ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. रोख भरलेल्या हप्त्याला ती मिळत नाही. दावा नाकारला गेला आणि कंपनीच्या तक्रार कक्षाने ३० दिवसांत समाधान केले नाही, तर साताऱ्यासाठी पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात वर्षभरात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात, शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

तेव्हा आपण करायचे ते असे: आधी बँकेच्या गट योजनेतील सुपर टॉप-अपची चौकशी, तो नसल्यास फ्लोटर स्वरूपाचा, ३ लाख डिडक्टिबलचा आणि शक्य तितक्या जुळत्या तारखेचा खासगी सुपर टॉप-अप, आणि कोणत्याही परिस्थितीत मूळ पॉलिसी चालू. एजंटाकडून हप्त्याचे पत्रक नको, पॉलिसीचा संपूर्ण मसुदा मागवा आणि त्यात डिडक्टिबलची व्याख्या, खोलीची मर्यादा, को-पेमेंट व प्रतीक्षा कालावधी या चार कलमांखाली पेनाने रेघ ओढा.

आणखी एक काम आपण पुढच्या वेळी साताऱ्याला जाल तेव्हा करा. दोन्ही पॉलिस्यांचे क्रमांक, दोन्ही टीपीएंचे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थांचे) फोन, नूतनीकरणाच्या तारखा, वडिलांच्या स्टेंटची तारीख आणि चालू औषधांची नावे ठळक अक्षरांत एका कागदावर लिहा आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आईला तो दाखवून ठेवा आणि एकदा तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, कारण रात्री दोन वाजता रिक्षा बोलावून वडिलांना घेऊन निघण्याची वेळ आली तर आपण पुण्यात असाल आणि तो कागद तिच्या हातात असेल.